अनामत

सगळी मुलं गेली तरी पिंकी पायात चपला घालून दारातच बसली होती. रागिणीनं दोनदा आत बोलावलं, पण ती उठली नाही. बाप आला की लगेच निघायचं होतं तिला.

शेखर, तिचा बाप, संध्याकाळी सहाच्या आत यायचा. आज दिवेलागण झाली तरी आला नव्हता. फोन दुपारपासून बंद होता.

अकोल्यातल्या या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात रागिणी पाळणाघर चालवायची. मागं काही आईबापांनी तिचे पैसे बुडवून मुलं नेली, तेव्हापासून तिनं नियमच केला होता. आधी अनामत, मग मूल. लोक घासाघीस करायचे. ज्यांना जमायचं नाही, त्यांच्याकडून ती आधार कार्डाची झेरॉक्स आणि गावाकडचा पत्ता घेऊन ठेवायची. शेखरनं मात्र सोमवारी सहा महिन्यांची अनामत एकदम हातावर ठेवली. कमी करा म्हणाला नाही, पावती मागितली नाही. बायको अचलपूरला माहेरी आहे, येईल लवकरच, एवढंच बोलला. रागिणीनंही पुढं काही विचारलं नाही. त्याच दुपारी ते पैसे घरमालक खुशालरावांकडे गेले. थकलेल्या भाड्यापायी ते तिला घर खाली करायला सांगत होते.

पिंकीनं दुपारी अंगावर वरण सांडून घेतलं होतं. कपडे तरी बदलावेत म्हणून रागिणीनं तिची पिशवी उघडली. वरचा फ्रॉक काढला. त्याखाली आणखी तीन-चार फ्रॉक होते. मग एक कोरा, दुकानातली चिठ्ठी तशीच असलेला. चार वर्षांच्या पोरीला तो घोट्यापर्यंत आला असता. तळाशी लाल स्वेटर होता, घडी घातलेला, त्यात कानटोपी खुपसलेली.

मे महिना होता. भिंती अजून तापलेल्या होत्या. रागिणी स्वेटर मांडीवर घेऊन फरशीवर बसली. मग ती दाराशी गेली आणि पोरीजवळ टेकली.

"बाबा काय मने व सकाळी?"

"मने, रडू नको. मावशीपाशी राहाजो. पैसे देले हायत."

"अजून?"

पिंकीनं आठवून पाहिलं. बाबा रोज घरी नेताना विचारायचा म्हणे, मावशी मारते काय, पोटभर जेवू घालते काय. पिंकीनं सांगितलं होतं, मावशी मारत नाही.

रागिणीनं मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. थोड्या वेळानं पोलीस ठाण्यातून एक महिला शिपाई आली. पन्नाशीची असावी. तिनं पिशवी पाहिली, पोरीकडे पाहिलं, आणि रागिणीला आतल्या खोलीत नेऊन आवाज खाली घेऊन बापाचं आडनाव विचारलं. रागिणीला ते माहीत नव्हतं. तो कुठं राहायचा, काय काम करायचा, अचलपूरला बायकोचं माहेर कोणाकडे, यातलं काहीच तिला सांगता येईना.

"एखादा कागद तं घेतला असन ना त्याचा?"

"अनामत नाई देत त्याइचाच घेतो मी," रागिणी म्हणाली. "यानं तं सारी देली होती."

शिपाईनं वही उघडली. मग तिनं लिहायला सुरुवात केली.

आज रात्री इथंच झोपू द्या तिला, असं रागिणी म्हणाली खरी. शिपाईनं मान हलवली. तसं ठेवता येत नाही, पोरगी बालगृहात जाईल, उद्या बालकल्याण समितीपुढं नेतील, बाप सापडतो का तेही पाहतील. हे ऐकताच रागिणीला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटलेलं शिपाईला कळलं असेल, या विचारानं तिनं मान खाली घातली.

बाहेर येऊन शिपाई पिंकीजवळ उकिडवी बसली. आपल्यासोबत यायचं, तिथं पुष्कळ मुलं आहेत, असं तिनं तिला गोडीनं सांगितलं. पिंकीनं दाराची चौकट धरली.

"मले नाई या लागत. माह्या बाबानं पैसे देले हायत."

तिनं रागिणीकडे पाहिलं. रागिणीनं हो म्हणावं, एवढंच तिला पाहिजे होतं. रागिणी पिशवीची चेन लावत होती. ती मध्येच अडकली होती आणि सरकत नव्हती.

"चाल बाई," शिपाई म्हणाली. "उशीर होऊन राहिला."

पिंकीनं चौकट सोडली. ती रागिणीसमोर येऊन उभी राहिली. परवाच तिनं पाहिलं होतं, एका पोराला त्याची आई कायमची घेऊन गेली तेव्हा मावशीनं कपाट उघडून तिला पैसे दिले होते. तिनं उजवा हात पुढं केला.

"मंग बाबाचे पैसे वापस दे."

रागिणी कपाटाकडे वळली नाही. कपाटात काही नव्हतं. हात तसाच पुढं होता, वरणाचे पिवळे डाग पडलेला. शेवटी शिपाईनंच त्यात आपलं बोट दिलं. मूठ आपोआप मिटली, आणि ती पोरीला घेऊन पायऱ्या उतरली.