तात्याबाची विधवा

रतनबाईनं शॉटसाठी कुंकू पुसायला नकार दिला, तेव्हा तात्याबा मरून, उठून, ओट्यावर चहा पीत बसला होता.

"त्यांना हौस हाय, त्यांना मरू द्या," रतनबाई म्हणाली. "मला मागं ठिवू नका."

हरिओम तात्याबाचा पुतण्या. सिनेमाचा दिग्दर्शक, निर्माता आणि स्वयंपाकी तोच. लिंबागणेशच्या पुढं, डोंगराच्या कडेला, चुलत्याच्या अंगणात तो जमेल तसा एका मेंढपाळ जोडप्याचा सिनेमा काढत होता. जोडपं घरचंच, मेंढरं घरचीच. पोस्टर आधीच छापून आलं होतं, त्यावर पुरस्कारांसाठी जागाही मोकळी सोडली होती. आता फक्त शेवट राहिला होता. अंगणात तिरडी, तिरडीवर नवरा, शेजारी बायको. संध्याकाळी कॅमेरा गेवराईला एका हळदीला निघणार होता आणि तिथून पुढं लगीनसराईत गडप होणार होता. पुण्याच्या महोत्सवाची मुदत सोमवारी संपत होती.

"काकू, पाठमोऱ्या बसा. कुंकू ऱ्हाऊ द्या. कपाळ दिसणारच न्हाई."

"जित्या नवऱ्याच्या तिरडीपाशी मी पाठमोरी न्हाई, आडवी न्हाई, कशीच बसणार न्हाई."

"मग शेजारच्या सत्यभामा मावशीला तुमचं लुगडं नेसवू. त्या तयार हायत."

"सत्यभामा?" रतनबाईचा आवाज चढला. "माझ्या नवऱ्याच्या नावानं दुसरी बाई रडणार? कावून? तिचा काय संबंध?"

सत्यभामा मावशी जरा जास्तच लवकर तयार झाल्या होत्या, असं आता हरिओमलाही वाटायला लागलं.

तात्याबानं कपबशी खाली ठेवली. "म्हंजी सकाळी मी फुकट मेलो का बे?"

"विधवा न्हाई तर शेवट न्हाई, तात्या."

"मग आण ते लुगडं इकडं. तिरडी माझीच, मीच बसतो. माझी काय हरकत न्हाई."

रतनबाईनं विचार करून पाहिला. हरकत घ्यायला जागा सापडेना. शेवटी तिनंच त्याला लुगडं नेसवलं, कारण त्याच्या हातानं ते पागोट्यासारखं गुंडाळलं जात होतं. पदर डोक्यावरून पुढं ओढला. मिशी पुढच्या बाजूला असल्यामुळं तिचा प्रश्न नव्हता.

पण आता तिरडी मोकळी पडली. माणसं मेंढरांमागं गेलेली, आणि जी मागं राहिली होती त्यांतलं कोणी आडवं व्हायला तयार होईना. हरिओम स्वतःच तिरडीवर चढला. तोंडावर कापड घेण्याआधी त्यानं सुरजला बजावलं. सुरज लग्नाचे व्हिडिओ काढायचा. सकाळी तात्याबा प्राण सोडत असताना तो सवयीनं "काका, इकडं बघा, हसा जरा" म्हणाला होता, आणि मग आपली चूक कळून त्यानं कॅमेराच बंद केला होता.

"मी कट म्हणल्याबगर बंद करायचं न्हाई. काय बी होऊ दे. आन तू बोलायचं न्हाई."

आवाज नंतर टाकायचा होता, त्यामुळं बाकीच्यांना बोलायची मुभा होती.

कॅमेरा सुरू झाला. तात्याबा तिरडीशेजारी पाठमोरा बसला. नुसताच बसला.

"तात्या, रडा," तिरडी म्हणाली.

"कसं?"

"खांदे हलवा."

तात्याबानं खांदे हलवले. पाठ खाजत असल्यासारखं दिसलं.

"मला कुठं येतंय बे रडाया." मग मान न वळवता तो म्हणाला, "अगं ए, तू कशी रडशील?"

रतनबाई कॅमेऱ्याच्या मागं उंबऱ्यावर बसली होती. "मी न्हाई रडणार."

"मग काय करशील?"

"माणसं जमत्याल, त्यांचा चहा बघीन. मेंढरं कोंडल्याली असत्याल, ती सोडाया कुणाला तरी लावीन."

"आन माझ्यापाशी येऊन?"

"पायावरचं कापड नीट करीन. तुमचं पाय लई गार पडत्यात."

तात्याबानं हात लांबवला. हरिओमच्या पायांवरचं कापड वर सरकलं होतं, ते ओढून त्यानं बोटं झाकली.

"असं?"

"तसं न्हाई. रोज मी घेते तसं."

"मला काय म्हाईत तू कसं घेतीस? मी झोपल्याला असतो."

"टाचंखालनं घ्या. दोन्हीकडनं खोचा. म्हंजी उघडं पडत न्हाई."

तात्याबानं कापड टाचांखालून घेतलं. एका बाजूनं खोचलं, मग दुसऱ्या बाजूनं. झाल्यावरही हात तिथंच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

सुरजनं इकडंतिकडं पाहिलं. कट म्हणणारा माणूस मेलेला होता. त्यानं कॅमेरा चालूच ठेवला. एक मेंढरू चित्रात आलं, तात्याबाच्या पदराचा वास घेऊन निघून गेलं. तात्याबानं डोळे पुसायला पदर तोंडावर घेतला, तो खाली आलाच नाही.

"काकू," कापडाखालून हरिओमचा दबका आवाज आला, "झालं का?"

"तू पडून ऱ्हा गपचिप," रतनबाई म्हणाली. "त्यांचं व्हायचंय अजून."