उलाळ

तिसऱ्या फेरीलाही तेच झालं. दक्षिण मार्गावर पिकअपचा काटा पन्नासच्या पुढे सरकला आणि मागचा ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी जरासा, मग असा की मागच्या सीटवरच्या नयनाने एका हाताने लेकीला, रेवाला, आणि दुसऱ्याने अण्णांना धरून ठेवलं. तिच्या नवऱ्याने, सौमित्रने, वेग हळूहळू उतरवला, गाडी वळवली आणि इंडस्ट्रियल एरियात परगट सिंगच्या वर्कशॉपसमोर आणून उभी केली.

ट्रेलर कोरा करकरीत होता, परगट सिंगच्याच हातचा. उद्या सकाळी तो मोरनीच्या डोंगरात न्यायचा होता. तंबू, शेगड्या, भांडी आणि पाण्याचे दोन मोठे ड्रम, शाळेतल्या चाळीस मुलांच्या कॅम्पसाठी; सगळं आजच चढवून ठेवलेलं. एअर फोर्स सोडल्यानंतरचं सौमित्रचं हे पहिलं काम.

परगट सिंगने चाकांतली हवा पुन्हा तपासली. चाकं हाताने हलवून पाहिली, ट्रेलर गाडीला जोडणारा लोखंडी गोळा घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि शेवटी तो अंग चोरून ट्रेलरखाली शिरला.

अण्णा खिडकीतून बघत होते. त्यांना, सौमित्रच्या वडिलांना, स्ट्रोक येऊन तीन महिने झाले होते. काठी धरून चालता येत होतं, पण शब्द जागेवर सापडत नव्हते. पाणी हवं असलं की ‘कपाट’ म्हणायचे, रेवाला हाक मारायचे ती ‘पोस्टमन’. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी नयनाला बाजूला घेऊन विचारलं होतं, यांना कळतं का सगळं? रोज त्यांचा भात कालवणाऱ्या नयनाला छातीवर हात ठेवून हो म्हणता आलं नव्हतं. तेव्हापासून घराला एक वाईट खोड लागली होती, अण्णांच्या देखत अण्णांबद्दल बोलायची.

“उलाळ,” अण्णा म्हणाले.

नयनाने झटकन पायाशी ठेवलेली प्लास्टिकची पिशवी उघडली आणि त्यांच्या हनुवटीखाली धरली. उलटीच होणार, इतके हेलकावे बसल्यावर. रेवा नाक धरून खिडकीकडे सरकली.

“मम्मा, आजोबा को उल्टी आ रही है?”

अण्णांनी पिशवी बाजूला सारली. नयनाने ती पुन्हा पुढे केली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, होऊ द्या अण्णा, लाजू नका. यावेळी त्यांनी पिशवी तिच्या हातातून ओढून घेतली आणि खाली टाकली. दार उघडलं. ती ‘अहो, थांबा’ म्हणेपर्यंत ते काठी टेकत खाली उतरलेही होते. ट्रेलरच्या मागच्या फळीवर त्यांनी दोनदा काठी आपटली.

“उलाळ. उलाळ.”

परगट सिंग खालून बाहेर आला. बाऊजी काय म्हणतायत, त्याने विचारलं. सौमित्रने ओशाळून सांगितलं की त्यांचं मनावर घेऊ नका, स्ट्रोक झालाय, काहीही शब्द येतो तोंडात.

“काहीही कुठे जी,” असं काहीसं पंजाबीत पुटपुटून परगट सिंगने फडक्याला हात पुसले. मग सौमित्रकडे वळून सावकाश हिंदीत म्हणाला, “उलार कह रहे हैं. हमारे पिंड में, गाँव में, बैलगाड़ी पीछे से भारी हो जाए, तो यही बोलते थे. बाऊजी सब समझ रहे हैं, भाईसाब. नहीं समझे तो आप और मैं.”

सौमित्रने ट्रेलरकडे बघितलं. दोन्ही भरलेले ड्रम अगदी मागच्या टोकाला होते. मुलांना नळ हाताशी यावेत म्हणून तिथे ठेवायची कल्पना नयनाची. तिला एकदम आठवलं, पोस्टात चिकटायच्या आधी, शाळेच्या वयात, अण्णा जिंतूरला कापसाच्या बैलगाड्या भरायला जायचे. सासूबाई सांगायच्या. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नव्हतं, आणि तिने कधी विचारलं नव्हतं.

सौमित्र आणि परगट सिंगने मिळून ड्रम पुढे ओढले. पार पुढे न्यायला लागले तसा अण्णांनी नकाराचा हात हलवला. काठीने बाजूच्या फळीवर एक जागा दाखवली, चाकांच्या जराशी पुढे. ड्रम तिथे आले. परगट सिंगने सौमित्रला विचारलं नाही. अण्णांपुढे जाऊन उभा राहिला.

“ठीक है, बाऊजी?”

अण्णांनी ट्रेलरकडे मान तिरपी करून पाहिलं, बराच वेळ. मग मान डोलावली.

चौथ्या फेरीला अण्णा पुढे बसले. तसं ठरलं नव्हतं. सौमित्रनेच पुढचं दार उघडून धरलं होतं. काटा पन्नासवर गेला, साठवर गेला. आरशात ट्रेलर शहाण्यासारखा मागून येत होता. सौमित्रने स्टिअरिंगवरची पकड सैल केली.

रेवा दोन सीटांच्या मधून पुढे वाकली.

“उलाळ मतलब क्या होता है?”

सौमित्रने सांगायला तोंड उघडलं. नयनाने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिघंही अण्णांकडे बघत राहिले, सौमित्र एका डोळ्याने रस्ता सांभाळत.

अण्णांचे ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले.

गाडी सरळ चालली होती. घाई कुणालाच नव्हती.