झऱ्याच्या तोंडाशी

"पाण्याला औषधाचा वास येतोय," बाटली खाली ठेवत तो कुरकुरला. "नळाचं भरलंस?"

बागेत शेजारी जेवायला बसलेल्या बायकोने डबा तेवढा त्याच्याकडे सरकवला. बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

बागेतल्या झऱ्याची धार महिनाभर बारीक होत होत काल तुटली होती. या बागेची माळीण म्हणून अकरा वर्षं ती झऱ्याच्या तोंडावरची पानं काढत आली होती. भर उन्हाळ्यात अख्ख्या शहराचे पक्षी इथे प्यायला यायचे. आता कुंडाच्या चिखलात बेडकांची पिल्लं वळवळत होती आणि काठच्या जुन्या झाडाने अवेळीच पानं गाळायला घेतली होती.

भिंतीपलीकडे नव्या इमारतीच्या तळघरासाठी खोल खड्डा खणला होता. खड्ड्यात पाझरणारं पाणी पंपाने दिवसभर गटारात सोडायचं, हे नवऱ्याचं काम. दोन वर्षं घरी बसल्यावर मिळालेलं. तेव्हापासून तो दाढी करताना शीळ घालू लागला होता. त्या शिळेपायी ती गप्प होती.

बागखात्याचा साहेब कागद घेऊन आला. पंपाची घरघर त्यालाही ऐकू येत होती. तो भिंतीकडे पाठ करून उभा राहिला.

"आटण्याचं कारण काय लिहू, बाई?"

"पाऊस कमी झाला म्हणा. तो काही जबाब द्यायला येत नाही."

साहेबाने हसून लिहायला घेतलं. मग त्याची नजर झऱ्याच्या तोंडाशी गेली. ओल्या दगडावर नखाएवढे, काचेसारखे जीव निपचित पडले होते.

"हे काय?"

"झिंगे. जन्माचे आंधळे. खडकाच्या पोटात, याच पाण्यात जगतात. दुसरीकडे कुठे दिसायचे नाहीत."

साहेबाने मान हलवली, कागद सहीसाठी तिच्यापुढे धरला. तिने पेन घेतलं.

नवरा उष्ट्या हातानेच उठला. एक झिंगा तळहातावर घेऊन बघत राहिला.

"अहो, बसा ना," ती घाईने म्हणाली. "जेवण व्हायचंय तुमचं."

तो बसला नाही.

"पावसाचं नाव नका लावू, साहेब. असले झिंगे मी रोज पंपाच्या जाळीतून मूठमूठ काढून फेकतो. हिचा झरा महिनाभर मीच गटारात सोडतोय."