गौर कोणाच्या हातची

सुनेनं बातमी आधी नवऱ्याला दिली, मग फोनवरून माहेरी, मग समोरच्या महानंदाला. सासूला सांगितली ती सगळ्यांच्या शेवटी, कॉफी गाळता गाळता. ही काय रीत झाली?

"वर्षभराची फेलोशिप आहे, अत्ते," श्रीविद्या म्हणाली. "किल्ल्यातल्या अभ्यासकेंद्रात. तिथंच राहायचं. खोली देतात, दारावर आपलं नाव लावतात."

अंबुबाईंनी विळी पुढं ओढली. दारावर नाव! मल्लेश्वरमच्या या घरात त्यांचा जन्म गेला. दारावर अजून विश्वासरावांची पाटी होती, आणि विश्वासराव तर केव्हाच गेले.

"अभ्यास कसला करणार तिथं?"

"राणीवशातल्या बायका कशा राहायच्या, त्याचा."

"त्याला किल्ल्यात कशाला जायला हवं? दाराआड राहायच्या."

श्रीविद्या हसली. अंबुबाईंना तेच टोचलं.

तेवढ्यात गिरीराज आला. हातात बायकोसाठी नवीकोरी बॅग. आईला काशीला न्यायचं तो दर दिवाळीला म्हणायचा. "आई, पोरीशी स्वल्प गोड बोल की," म्हणाला आणि बॅगेची चाकं फिरवून दाखवू लागला.

"गौरीला येणार ना ही?" अंबुबाईंनी त्यालाच विचारलं.

उत्तर सुनेनं दिलं. "त्याच दिवशी माझं पहिलं व्याख्यान आहे, अत्ते. पण मी सोय केलीय. मथुराकाकू आणतील गौर. 'सरी, आणते की,' म्हणाल्या."

विळीवरचा हात थांबला.

मथुरा म्हणजे जयनगरची धाकटी जाऊ. नवरा धडधाकट, कपाळावर ठसठशीत कुंकू. वाटण्या झाल्या तेव्हा गौरीचे मुखवटे अंबुबाईंकडे आले, ते तिला अजून सलत होतं. या घरात गौर सवाष्णीच्याच हातानं उंबऱ्याच्या आत यायची. विश्वासराव गेल्यापासून श्रीविद्या आणायची आणि अंबुबाई भिंतीला टेकून बघायच्या. आता मथुरा ठुमकत आत येणार, आणि बघायचं!

त्या उठल्या. पदर खोचला.

"तू जा. तुला खोली मिळाली म्हणून माझं घर वाटत सुटू नकोस. मथुरेला फोन कर, येऊ नको म्हणावं. गौर मी आणीन."

"पण अत्ते, तुम्ही तर..."

"विधवा आहे. ठाऊक आहे मला. देवीला चालत नसेल तर तिनं माझ्या तोंडावर सांगावं. जावेच्या तोंडून नको."