मासोळी

"आवाजाचा ट्रॅक तेवढा बंद कर. म्युझिक चालू राहू दे. आणि तिचा माइक उघड," निवेस म्हणाली.

ओरियानोने पियादिनाच्या भरल्या पोळीचा घास चावता चावता तिच्याकडे पाहिलं. रिमिनीच्या किनाऱ्यावरच्या त्या स्टेजचं साउंड तो सांभाळायचा. निवेस त्याची मावसबहीण.

"कुठे? सूर वर चढतो तिथेच ना?"

"तिथेच. बाईसाहेबांच्या गळ्यातून काय निघतं, कळू दे जगाला."

"बरं," म्हणून तो परत खायला लागला. तो इतक्या सहज तयार होईल असं तिला वाटलं नव्हतं.

तीस वर्षांपूर्वी 'अक्वालुना' या बँडची सगळी गाणी निवेसनेच गायली होती. निर्माता ग्वाल्तिएरोने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "आवाज सोन्यासारखा आहे गं, पण पोस्टरवर तू मावायची नाहीस." मेल्याने मग चेझेनातल्या चपलांच्या दुकानातून कात्युशाला उचलून आणलं. उंच, गोरी, कमरेत मूठभर. स्टेजवर टेप वाजायची, कात्युशा ओठ हलवायची आणि जर्मनीपासून ब्राझीलपर्यंत पोरं तिच्यापायी वेडी व्हायची. कॅसेटवर निवेसचं नाव नखाएवढंही नव्हतं. आता ग्वाल्तिएरो वर गेला, स्टुडिओची व्यायामशाळा झाली. गाणी आपली आहेत हे सांगायला निवेसकडे तिच्या शब्दाशिवाय काही उरलं नव्हतं.

तेव्हा तिने एकच सूड उगवला होता. भर पार्टीत तिने कात्युशाचं नाव ठेवलं, मासोळी. ते असं चिकटलं की कात्युशा बारमध्ये शिरली की टवाळ पोरं तिच्यासमोर नुसती तोंडं उघडमीट करायची. शेवटी तिने बारमध्ये जाणंच सोडलं. निवेसला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आजही वाटत नव्हतं.

आज त्याच जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. तो सुरू होण्याआधी ती मुद्दाम स्टेजमागे कात्युशाच्या खोलीत डोकावली. ऐन ऑगस्टात बाई गळ्याला रेशमी रुमाल गुंडाळून मधाचं कोमट पाणी पीत बसली होती. नखरे बघा! गायचं नाही, काही नाही, आणि घशाची केवढी काळजी!

"ये गं, बस," कात्युशा म्हणाली.

"या उकाड्यात गळ्याला रुमाल?"

"सवय झालीय."

"कशाची? गायची?" निवेस फिसकन हसली.

कात्युशाही हसली. "तू गातेस का गं अजून?"

"मुलं झाली, दुकान आलं. गाते कुठली!"

"मी मात्र रोज तुलाच ऐकते. तू श्वास कुठे घेतेस, तेसुद्धा पाठ आहे मला."

निवेसच्या अंगाचा तिळपापड झाला. "उपकार झाले तुझे!"

"निघून जाऊ नकोस हं. ओरियानोपाशी उभी राहा. तिथून छान ऐकू येतं."

ओरियानोपाशी निवेस एकटी नव्हती. बोलोन्याच्या पेपरातल्या फाब्रित्सीला तिनेच आग्रह करकरून बोलावलं होतं. "तुमचं खरं निघालं, तर उद्या पहिल्या पानावर," त्याने शब्द दिला होता. आपलं नाव, आपल्या गाण्यावर. तीस वर्षं ती याच दिवसाची वाट बघत होती.

सूर्य बुडायला आला. पोटं सुटलेले, टकलं पडलेले एकेकाळचे पोरगे वाळूत नाचत होते. गाणं त्या ओळीपाशी आलं. निवेसने ओरियानोला कोपराने ढोसलं. त्याने बटण दाबलं. टेपवरचा आवाज गेला.

मर आता, निवेस मनात म्हणाली.

आणि सूर वर चढला. कुठे फाटला नाही की थरथरला नाही. तोच आवाज, तोच मधला निसटता हुंकार, शेवटाला तेच वळण. कात्युशाने गळ्यातला रुमाल काढून गर्दीत भिरकावला आणि पुढचं कडवंही गायली, एकटीने, स्वतःच्या गळ्याने. किनारा नुसता दणाणून गेला.

फाब्रित्सी वळला. "म्हणजे तीस वर्षं तुम्ही या बाईची बदनामी करत होतात?"

निवेसने ओरियानोचा दंड गच्च धरला. "तू ट्रॅक बंद केलास ना? खरं सांग!"

"केला की! सकाळी कात्युशा येऊन हेच सांगून गेली होती. हीच ओळ, असंच. मला वाटलं, तुमचं दोघींचं ठरलंय."

"बोला ना बाई," फाब्रित्सी म्हणाला. "उद्या मी छापू काय?"

स्टेजवरून कात्युशा थेट तिच्याकडे बघत होती.

निवेसचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.