दोन ठोक्यांमधली जागा

महायुद्धाच्या भंगारातला बिनतारी सेट रंगराव मास्तरांनी एकसष्ट साली घरी आणून ठेवला. पण परवाना हातात येईपर्यंत बटणाला बोट लावायचं नाही, हा त्यांचा कायदा. परवान्यासाठी मोर्स कानाने ऐकून लिहायची परीक्षा होती. म्हणून दोन वर्षं, रोज शाळा सुटली की, ते शेगावच्या तार ऑफिसात उत्तमराव तारबाबूंच्या यंत्रापाशी जाऊन बसले. कट्ट, कडकट्ट.

"ठोके सोडा मास्तर, दोन ठोक्यांच्या मंधातली जागा मोजा. थोडी असन तं टिंब, जास्त असन तं रेघ," उत्तमराव सांगायचे. मास्तरांनी मोजली.

नागपूरला परीक्षा देऊन आले ते संतापूनच.

"उत्तमराव, तिथं ठोके नव्हतेच! कानाले डबे लावून देल्ले अन् नुसती शिट्टी. लांब शिट्टी, आखूड शिट्टी! तुमी मले आधी सांगतलं काऊन नाई?"

"मले काय मालूम? म्या जलमात रेडिओवरचं मोर्स आइकलं नाई. सेट तं तुमच्या घरी होता ना, मास्तर?"



आठ दिवसांनी मास्तर तार ऑफिसातच बसले असताना यंत्र वाजू लागलं. त्यांच्या नागपूरच्या मेव्हण्याने निकालाची तार केली होती. शेवटचा ठोका पडला तेव्हा उत्तमरावांची पेन्सिल अजून चालूच होती. मास्तर मात्र उठून चपला घालत होते.

'नापास. मोर्स ऐकून लिहिता आलं नाही.'

एक अक्षरही त्यांच्या कानातून सुटलं नव्हतं.