चाळीसातल्या दोन ओळी

आखातातल्या त्यांच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं प्रूफ हातात आलं आणि दयानंदचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आईच्या वर्षश्राद्धानंतर लिहिलेली त्याची कविता चांगली चाळीस ओळींची होती. माया, छाया, चंदन, समई, सगळं यमकात ठाकूनठोकून बसवलेलं. आता पानावर दोनच ओळी उरल्या होत्या आणि खाली त्याचं नाव.

"रेवा, बाकीची कविता कुठाय?"

रेवा बारावीत होती, अल् घुब्रात त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. यंदा मंडळाने मोठ्या कौतुकाने कवितांची पानं तिच्याकडे सोपवली होती.

"कट केली, काका. आम्हाला स्कूलमध्ये मॉडर्निस्ट पोएट्री आहे ना. हंड्रेड इयर्स आधी लंडनच्या पोएट्सनी ठरवलं, जे दिसतं तेच लिहायचं. एक्स्ट्रा वर्ड एक पण नको. तुमच्या पोएममध्ये दिसतं असं एवढंच होतं. पण काय सॉलिड आहे!"

दयानंदने त्या ओळी वाचल्या. चाळीसातून पोरीने नेमक्या त्याच उचलल्या होत्या. एकदा कुठेतरी बोलून टाकावं म्हणून त्याने त्या लिहिल्या होत्या, आणि कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून मधोमध दडपल्या होत्या. मंडळात इतक्या आत शिरून कविता वाचतंय कोण?

"बघू तरी," म्हणत त्याच्या बायकोने, वसुंधराने, चहाचा ट्रे ठेवला आणि कागद घेतला. तो हिसकावून घ्यावा असं त्याला वाटलं, पण उशीर झाला होता. तिने मोठ्याने वाचलं.

'फोन वाजला तीनदा, मी पालथा ठेवला;
हातात बदामाची राणी, डाव रंगात आला.'

तिने कागद खाली ठेवला.

"तुम्ही साइटवर होतात ना त्या दिवशी?" वसुंधराने विचारलं. "फोन गाडीत राहिला म्हणाला होतात."

आई गेली त्या दिवशी गावी तिच्या उशाशी वसुंधराच बसली होती. तिन्ही फोन तिनेच लावले होते.

"बाकीच्या ओळी परत घाल, रेवा," तो कसाबसा म्हणाला.

"नको. एवढंच राहू दे," वसुंधरा म्हणाली.

रेवाने दोघांकडे पाहिलं. तिला काहीच कळलं नव्हतं. तिने पेन्सिल काढली.

"मग काकू, टायटल काय देऊ? काकांचं 'वात्सल्यसिंधू' खूप हेवी होतं."

"'कामात असेल तो' असं दे," वसुंधरा म्हणाली. "तिसऱ्यांदा रिंग वाजून थांबली, तेव्हा आई तेवढंच म्हणाल्या. त्यानंतर काही बोलल्याच नाहीत."